मेथिओनिनचा डबा, ज्वारीचे फुटवे आणि भुरकटलेली लोकर

या महिन्यात मेंढपाळांची पत्रं बरीच आली, आणि जवळजवळ प्रत्येकात गंधक कुठून ना कुठून डोकावतंय. म्हणून शेळ्या-कोंबड्यांचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत. ज्यांचे राहिले त्यांनी रागावू नये.

प्रश्न : साठेक दख्खनी मेंढ्यांचा वाडा आहे. उन्हाळ्यात लोकर पातळ पडली, कातरताना तुकडे होत होते. दुकानदाराने कोंबडीखाद्यात घालतात ते मेथिओनिन दिलं. म्हणाला, लोकर गंधकाशिवाय होत नाही, यात गंधक आहे, रोज मेंढीमागे चिमूटभर भरड्यात टाका. टाकू का? – एक मेंढपाळ, ता. माण

दुकानदाराचं पहिलं वाक्य खरं आहे, दुसरंही खरं आहे. घोटाळा तिसऱ्यात आहे.

लोकर म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. तिच्या वजनात तीन ते चार टक्के गंधक असतो. मांसात किंवा दुधात इतका सापडत नाही. हा गंधक येतो सिस्टीन या अमिनो आम्लातून, आणि त्याच्या जोडण्यांमुळेच तंतूला ताकद येते. मेथिओनिन हे दुसरं गंधकयुक्त अमिनो आम्ल. शरीर गरजेप्रमाणे त्यातून सिस्टीन बनवून घेतं. इथवर दुकानदार आणि मी एकाच बाकावर.

पण कोंबडीला कोटीपोट, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराचं पहिलं मोठं पोट, नसतं, मेंढीला असतं. कोंबडीने खाल्लेलं मेथिओनिन थेट आतड्यात जाऊन रक्तात उतरतं. मेंढीच्या कोटीपोटात अब्जावधी जिवाणू आधी त्यावर हात मारतात. साधी पावडर तिथेच बरीचशी फुटते, नत्राचा अमोनिया होतो, गंधकाचा सल्फाइड होतो. म्हणजे तुम्ही महागाचं अमिनो आम्ल दिलंत आणि मेंढीच्या वाट्याला जे उरलं ते स्वस्तातल्या गंधकातूनही मिळालं असतं.

ऑस्ट्रेलियात रीस आणि शिंकेल या दोघांनी 1963 साली हे फार छान दाखवून दिलं. त्यांनी मेरिनो मेंढ्यांना नळीवाटे, कोटीपोटाला वळसा घालून, थेट चौथ्या पोटात रोज दोन-अडीच ग्रॅम सिस्टीन किंवा मेथिओनिन दिलं. लोकर वाढली, लोकरीतला गंधकही वाढला. पण दारातून आत सोडलेला पाहुणा माजघरात पोचलाच नाही, तर पंगत कशी होणार? म्हणून पुढे कोटीपोटात न फुटणारी, आवरण घातलेली ‘बायपास’ मेथिओनिनं निघाली. ती दुभत्या गायींसाठी आपल्याकडेही मिळतात, आणि किंमत त्यांच्यावर लिहिलेली असते ती वाचून घ्या.

आता तुमच्या मेंढीचा हिशेब करू. दख्खनी मेंढी वर्षाला साधारण 600 ग्रॅम लोकर देते असं धरा. साडेतीन टक्क्यांनी त्यात वर्षाचा गंधक झाला 21 ग्रॅम. दिवसाला सहा शतांश ग्रॅमसुद्धा नाही. चार-पाच किलो लोकर देणाऱ्या मेरिनोची गोष्ट वेगळी. तिथे अमिनो आम्लाचा पैसा लोकरीतून वसूल होण्याची निदान आशा असते. आपल्याकडे कातरणाऱ्याची मजुरी लोकरीतून निघत नाही. बांधावर टाकलेली लोकर मी पाहिलीय, तुम्हीही टाकली असेल. अशा लोकरीसाठी बायपास मेथिओनिन विकत घ्या असं मी कुठल्या तोंडाने सांगू?

मग लोकर तुटली का? बहुतेक मेंढी उपाशी होती म्हणून. पोट भरलेलं असेल, तरी उपाशी. मार्च ते मे माणच्या माळावर उरतं ते वाळलेलं कुसळी गवत. त्यात प्रथिन तीन-चार टक्के, म्हणजे जिवाणूंना नत्र नाही, आणि गंधकही तुटपुंजा. जिवाणू वाढले नाहीत की गवताचं पचन मंदावतं, ते पोटात जास्त वेळ राहतं, मेंढी कमी खाते. आणि मेंढीला आतड्यात जे प्रथिन मिळतं त्यातला मोठा वाटा या मेलेल्या जिवाणूंचाच असतो. साध्या गंधकापासून मेथिओनिन आणि सिस्टीन बनवण्याची कला त्यांना येते. तुम्हाला-मला येत नाही, मेंढीलाही स्वतःला येत नाही. तेव्हा कारखाना पोटातच आहे. त्याला कच्चा माल हवा.

कच्च्या मालाचं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे : दहा भाग नत्राला एक भाग गंधक. नत्र नसताना नुसता गंधक घालून काही होत नाही. तुमच्या माळावर आधी नत्राची, म्हणजे प्रथिनाची तूट आहे, गंधकाची त्याच्या मागोमाग. म्हणून पहिला उपाय मेंढीमागे रोज शंभर-दीडशे ग्रॅम पेंड. पेंडीत नत्र आणि गंधक दोन्ही बांधूनच येतात. कोणती पेंड, ते शेवटच्या प्रश्नात सांगितलंय.

युरियाचा विषय निघेलच, म्हणून आधीच बोलते. युरियात नत्र आहे, गंधक शून्य. दहा ग्रॅम युरियात 4.6 ग्रॅम नत्र, त्याला जोडीला 0.46 ग्रॅम गंधक हवा, म्हणजे अडीच ग्रॅम जिप्सम. हा हिशेब युरिया-गूळमळीच्या तयार चाटणविटा करणाऱ्यांनी केलेला असतो, त्या घ्या. घरी युरिया पाण्यात कालवून उपाशी मेंढरांपुढे ठेवू नका. संध्याकाळपर्यंत वाडा निम्मा होतो. कोकरांना तर तो द्यायचाच नाही. आणि द्राक्षावर भुरीसाठी मारतात ते 80 टक्के गंधक घरात शिल्लक आहे म्हणून ते मेंढरांना चारू नका. ते फवारणीचं औषध आहे, खुराक नव्हे.

बाभळीच्या शेंगा तुम्ही देतच असाल. द्या, पण त्यांच्याच भरवशावर राहू नका. त्यातला तुरटपणा प्रथिनाला बांधून ठेवतो. थोडा असेल तर फायद्याचा, कारण प्रथिन कोटीपोटातून निसटून पुढे जातं. जास्त झाला तर कुणालाच मिळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये मल्गा नावाची बाभळीच्याच कुळातली झाडं आहेत. दुष्काळात तिथले मेंढपाळ त्यांच्या फांद्या पाडून मेंढ्या जगवतात. त्या तुरट पाल्यावरच्या मेंढ्यांना साधा सल्फेटचा गंधक दिल्यावर त्या जास्त पाला खाऊ लागल्या आणि लोकरही सुधारली. अमिनो आम्ल नव्हे, सल्फेट. आपला मेंढपाळ फांदी पाडतो, तोही पाडतो. तिथल्या संशोधनातलं हे आपल्या सर्वांत कामाचं.

एक गोष्ट स्वतः करून बघा. मेंढीच्या खांद्यामागून पेन्सिलीएवढी जाड बट मुळापासून कापा. दोन्ही टोकं चिमटीत धरून ताणा आणि मधल्या बोटाने तिच्यावर टिचकी मारा. चांगली बट टणत्कार देते. कमजोर बट ‘फस्स’ करून एकाच जागी फाटते. ती जागा बघा. मुळाशी फाटली तर त्रास आत्ताचा, टोकाकडे फाटली तर मागच्या कातरणीनंतर लगेचचा, मध्ये फाटली तर तारखा मोजा आणि तेव्हा वाडा कुठे होता ते आठवा. ताप आला होता का, लांबचा पल्ला मारला होता का, मेंढी व्यालेली होती का? पुष्कळदा उत्तर तिथेच मिळतं. लोकर सगळीकडून सारखीच ठिसूळ असेल तरच खाद्यातल्या कायमच्या तुटीचा संशय घ्यायचा.

डबा परत करा. घेत नसेल तर परसातल्या कोंबड्यांना किलोभर खाद्यात एक-दोन ग्रॅम चालेल. त्यांच्या पोटी तो सार्थकी लागेल.

प्रश्न : कापणी झालेल्या ज्वारीच्या रानात मेंढरं घुसली, कोवळे फुटवे खाल्ले, किराळ लागून चार दगावली. शेजारी म्हणतो, मिठात गंधक मिसळून ठेवलं असतं तर मेली नसती. खरं का? – वाचक, ता. सांगोला

मेली असती, दादा. पण शेजाऱ्याच्या बोलण्यात तथ्य आहे, फक्त त्याने ते चुकीच्या जागी लावलंय.

कोवळ्या, पाण्याच्या ताणावरच्या किंवा कापून पुन्हा फुटलेल्या ज्वारीत असं द्रव्य असतं की चावल्याबरोबर त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. मेंढीच्या वजनाच्या किलोमागे साधारण दोन-अडीच मिलिग्रॅम झटकन पोटात गेलं की खेळ संपतो. तीस किलोच्या मेंढीला साठ-सत्तर मिलिग्रॅम पुरे. पण तेवढंच किंवा त्याहून जास्त दिवसभरात थोडं थोडं गेलं तर मेंढी जगते, कारण तिचं यकृत गंधक लावून त्या विषाचं थायोसायनेट करतं आणि लघवीतून काढून टाकतं. एक ग्रॅम विष मोडायला जवळजवळ सव्वा ग्रॅम गंधक लागतो. दिवसात 100 मिलिग्रॅम विष पचवलेल्या मेंढीने 120 मिलिग्रॅम गंधक त्यापायी घालवला. वरच्या पत्रातला लोकरीचा हिशेब आठवा, साठ मिलिग्रॅमही नव्हता. लोकरीच्या दुप्पट गंधक नुसता विष धुवायला गेला. त्यात ज्वारीत मुळात गंधक कमी आणि मिठातला सोडियमही कमी. म्हणून हिरव्या ज्वारीवर महिनाभर चरणारी मेंढरं मरत नाहीत, पण अंगही धरत नाहीत, कोकरं खुरटतात.

इथे शेजारी बरोबर आहे. ऑस्ट्रेलियात ज्वारीवर चरणाऱ्या जनावरांपुढे पाच ते दहा टक्के गंधक घातलेल्या मिठाच्या विटा ठेवतात. रोजच्या चराईला तो उपाय चांगला. पण भुकेला कळप एकदम कोवळ्या फुटव्यांत तुटून पडला की दहा-पंधरा मिनिटांत धाप, लडखडणं, लालभडक रक्त, झटके असा क्रम लागतो. तेव्हा चाटलेल्या विटेचा काय उपयोग? तेव्हा लागतं डॉक्टरांचं इंजेक्शन, सोडियम थायोसल्फेट, फोटोवाले ज्याला ‘हायपो’ म्हणायचे तेच. तोही गंधकच, फक्त लगेच वापरता येईल अशा रूपातला. तुमच्या गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात हायपो आहे का, हे खोडवा फुटायच्या आधी विचारून ठेवा. आणि मेंढरं सकाळी उपाशीपोटी तिकडे सोडू नका. आधी कडबा टाका. वाळलेल्या कडब्यातलं विष वाळताना बहुतांश उडून गेलेलं असतं.

गाभण मेंढ्या अशा चाऱ्यावर फार दिवस असतील तर मीठ आयोडीनचं ठेवा. थायोसायनेट आयोडीनच्या आड येतं आणि कोकरं गळ्याला गाठ घेऊन जन्मतात.

प्रश्न : आम्ही घोंगडी विणतो. ज्या वाड्यावरून काळी लोकर घेतो तिथली लोकर या वेळी तांबूस-भुरकट आली. घोंगडीचा काळा रंग धरत नाही. मेंढपाळाला विचारलं तर म्हणाला, लोकर वाढावी म्हणून जिप्सम देतोय, तेवढाच बदल. – एक विणकर भगिनी, ता. जत

ताई, तुमचा प्रश्न वाचून मला आनंद झाला. लोकरीची नाडी मेंढपाळाआधी विणणारीच्या हाताला कळली.

आधी लोकर बोटांनी फाकवून तळाशी, कातड्यालगत बघायला सांगा. टोकं तांबूस आणि मुळाशी कुळकुळीत काळी असेल तर तो उन्हाचा प्रताप. काळी लोकर उन्हाने टोकाला जळतेच, त्यात चिंतेचं काही नाही. पण मुळाशीच ती भुरकट येत असेल, किंवा एका बटेत काळा पट्टा, भुरा पट्टा असं दिसत असेल, तर तांबं कमी पडतंय. काळा रंग तयार करणारं विकर तांब्यावर चालतं. तांबं घटलं की पहिला रंग जातो, मग लोकरीची नैसर्गिक लाट जाऊन ती तारेसारखी सरळ होते. पांढऱ्या मेंढीत रंगाची ही खूण दिसत नाही, काळीत दिसते. दख्खनी मेंढी त्या बाबतीत आपणहून सांगून टाकते.

आणि इथे जिप्समवाल्याकडे बोट जातं. जास्तीचा गंधक कोटीपोटात सल्फाइड होतो, मोलिब्डेनमशी जोडी जमवतो आणि तांब्याला असा धरून ठेवतो की मेंढीला ते मिळतच नाही. तीस किलोची मेंढी दिवसाला किलोभर कोरडा चारा खाते. तिला त्यातून दीड-दोन ग्रॅम गंधक पुरतो. चारच्या वर गेलं की त्रास, आणि खुराक जास्त असेल तर तीनच्या वरच. दहा ग्रॅम जिप्सममध्ये 1.8 ग्रॅम गंधक असतो. मूठभर म्हणजे 40-50 ग्रॅम जिप्सम, म्हणजे सात ते नऊ ग्रॅम गंधक. ‘किती देता’ असं त्याला विचारा. ‘अंदाजाने’ असं उत्तर आलं तर आजच बंद करायला सांगा. त्या भागात काही बोअरचं पाणीही सल्फेटचं असतं, वर उसाची मळी चालू असेल तर तीही गंधक घेऊन येते. सगळं मिळून मेंदूवर येतं. मेंढी आंधळ्यासारखी फिरते, भिंतीला डोकं लावून उभी राहते, मान मागे टाकते. तिथे बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं तासांच्या हिशेबाने लागतात. गाभण मेंढ्यांत तांबं कमी राहिलं तर कोकरं मागच्या पायांनी लुळी होतात, ती मग सुधारत नाहीत.

पण त्याला हेही नक्की सांगा : घाबरून मोरचूद पाजू नकोस. तांबं सोसण्यात मेंढीसारखं नाजूक जनावर नाही. गायी-म्हशींचं खनिज मिश्रणसुद्धा तिला नको, मेंढीसाठीचं वेगळं येतं. जिप्सम थांबवून पुढच्या दोन-तीन महिन्यांत मुळाशी काळी लोकर यायला लागते का ते बघायचं. नाही आली तर रक्ततपासणी, आणि मग पशुवैद्य सांगतील तेवढंच.

जतचं पत्र आहे म्हणून एक पोटप्रश्न मीच घेते. द्राक्षबागेत छाटणीनंतर पडलेल्या पाल्यावर मेंढरं सोडायची पद्धत आहे. त्या पाल्यावर बोर्डो मिश्रण किंवा दुसरं ताम्रयुक्त औषध मारलेलं असतं. तांबं यकृतात महिनोन्‌महिने गुपचूप साठतं आणि एखाद्या दमणुकीच्या दिवशी एकदम रक्तात उतरतं. डोळे पिवळे, लघवी काळसर लाल, दोन दिवसांत मेंढी जाते. त्यावर उपचार म्हणून काय देतात? अमोनियम मोलिब्डेट आणि सोडियम सल्फेट. तुमच्या मेंढपाळाच्या लोकरीचा रंग ज्या भांडणात गेला, तेच भांडण इथे मुद्दाम लावून द्यायचं.

प्रश्न : सुबाभळीचा पाला भरपूर आहे. सतत तोच दिला तर लोकर हाताला उपटून येते. पाल्यात प्रथिन कमी पडतं का? – वाचक, ता. फलटण

प्रथिन भरपूर आहे. त्यात मिमोसिन नावाचं अमिनो आम्लही आहे, ते लोकरीच्या मुळाशी पेशी वाढू देत नाही. ते इतकं नेमकं काम करतं की कात्रीऐवजी औषधाने लोकर उतरवता येईल का म्हणून ऑस्ट्रेलियात मेंढ्यांवर त्याचे प्रयोग झाले होते. आपल्याकडच्या बऱ्याच जनावरांच्या कोटीपोटात मिमोसिन पचवणारे जिवाणू असतात, पण सवय नसलेल्या कळपाला एकदम पोटभर पाला दिला की असं होतं. चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी ठेवा, बाकी दुसरा चारा. पाला बंद केल्यावर लोकर परत येते.

प्रश्न : सगळ्यात चांगली पेंड कोणती? – अनेक पत्रं

गंधकयुक्त अमिनो आम्लांसाठी म्हणाल तर तिळाची, तिच्या खालोखाल सूर्यफुलाची. शेंगदाणा पेंडीत प्रथिन जास्त, पण मेथिओनिनमध्ये ती मागे, आणि बुरशी लागलेली असेल तर फुकटही नको. करडईची सोलापूर भागात मिळते, साल काढलेली असेल तर बरी. सरकीची कोटीपोटात जरा हळू फुटते, म्हणून पुढे आतड्यापर्यंत थोडं जास्त पोचतं, पण कोकरांना देऊ नका. मेंढरांच्या बाबतीत मी शेवटी भाव बघते. शंभर रुपयांत प्रथिन कुठल्या पेंडीत जास्त येतं ते बघून ती घ्यायची. अमिनो आम्लांची उरलेली जुळवाजुळव जिवाणू करतात. दोन पेंडी निम्म्या-निम्म्या मिसळल्या तर आणखी चांगलं. खुराक संध्याकाळी, चरून आल्यावर. आणि गव्हाणीची लांबी अशी हवी की म्हातारी मेंढीही तोंड घालू शकेल, नाहीतर सगळी पेंड दांडग्या मेंढ्याच खातात आणि लोकर मात्र दुबळीची तुटते.